सव्वा तासात सांगायची गोष्ट

बडोदे ते पुणे, हवेतून जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर. विमानाला लागतो सव्वा तास. एवढ्या वेळात मी कुणालाही काहीही पटवून देईन, असं मी बायकोला, नीरजाला, छातीठोकपणे सांगितलं.

पटवायचं होतं स्नेहलता आत्याला. आमच्या लेकीने, अवंतीने, लग्न ठरवलं होतं, ध्रुमिल पटेलशी. आत्या सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं शाळा गाजवलेली आत्या माझ्याबरोबर पुण्याला मुंजीला निघाली होती. त्या मुंजीतच ती अवंतीसाठी एक मुलगा बघून त्याच्या आईला शब्द देणार होती! म्हणजे पुणं यायच्या आत सांगणं भाग होतं. गेले चार महिने मी तेच टाळत होतो.

"विमानातून ती उठून जाऊ शकत नाही. चारचौघांत ओरडणारही नाही," मी म्हणालो. "पट्टा बांधला की सांगतो."

"हेरंब, जपून," नीरजा म्हणाली.

विमान उडालं. खिडकीशी आत्या, थंडी वाजते म्हणून डोक्याला स्कार्फ गुंडाळलेली. मध्ये मी. माझ्या उजवीकडे एक गुजराती बेन.

"आत्या, अवंतीने मुलगा पसंत केलाय."

आत्याने मान डोलावली.

"गुजराती आहे."

आत्या चक्क हसली. मला तर आभाळ ठेंगणं झालं! इंजिनाचा आवाज फार, म्हणून मी आवाज चढवला. घर बडोद्यातच, अलकापुरीत, नोकरी चांगली, लग्न नोंदणी पद्धतीने. प्रत्येक वाक्याला आत्याची मान हलत होती.

"छोकरो शुं करे छे?" बेननी विचारलं. सांगितलं. मागच्या गृहस्थांनी दोन सीटांमधून डोकं घातलं, "पटेल मूळचे कुठले?" त्यांनाही सांगितलं. एवढ्यात पुण्यावर विमानांची गर्दी असल्याची घोषणा झाली आणि आम्ही घिरट्या घालू लागलो. वीस मिनिटं फुकट मिळाली. मी ध्रुमिलच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत पोचलो. मागच्या रांगेत लग्नाच्या जेवणात श्रीखंड की बासुंदी यावर मतभेद सुरू झाले होते.

विमान उतरलं. आत्याने स्कार्फ सोडला आणि दोन्ही कानांतून कापसाचे हे एवढाले बोळे काढले.

"विमानात कान दुखतात म्हणे. हं, आता बोल. मघापासून तुझे ओठ हलतायत, मी आपली हो हो करतेय."

मी निमूटपणे पट्टा सोडू लागलो. बेनना मात्र राहवलं नाही. "माजी, तमारी अवंतीए छोकरो पसंद करी लीधो."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहायची तसं. मग मला ओलांडून तिने बेनना विचारलं, "काय करतो?"

"इंजिनियर," मागचे गृहस्थ म्हणाले.

"घरी कोण?"

"आईवडील, एक बहीण," पलीकडची रांग.

"स्वभाव?"

"एकदम शांत," ज्याने ध्रुमिलला जन्मात पाहिलं नव्हतं असा एकजण म्हणाला.

स्कार्फची घडी घालत आत्या म्हणाली, "पोरीने मला सांगितलं असतं तर खाल्लं असतं का मी तिला? एवढी माणसं चांगलं म्हणतायत, तर असेल चांगला. त्या पुण्याच्या बाईंकडे विषय काढत नाही."

लग्न जणू बेननीच जुळवलं, असं सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. बॅगा निघाल्या, रांग पुढे सरकली.

"आणि तू रे," आत्या म्हणाली, "एवढा वेळ काय सांगत होतास?"

"काही नाही," मी म्हणालो. "पुण्यात ऊन फार असेल, एवढंच."