दोन ब्रास लाल माती

शनिवारी सकाळी नंदकुमारने बाल्कनीतल्या बागेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर अंथरला, आणि त्याच्या आईने, बाळाबाईंनी, चष्मा पुसून त्यात सगळ्यात आधी स्वतःची खुर्ची शोधली. खुर्ची नव्हती. टोमॅटो होते, पुदिना होता, 'भविष्यातील विस्तार' अशी एक चौकटसुद्धा होती. खुर्ची मात्र कुठेच नव्हती.

"आन मी कुटं बसायचं रं?"

"आई, बघू ना ते नंतर. आधी झाडांचं फायनल होऊ दे."

सीवूड्सच्या सोसायटीतली तिसऱ्या मजल्यावरची ती बाल्कनी. अकरा फूट लांब, चार फूट रुंद. समोर दोन उंच टॉवर, आणि थंडीत त्यांच्या मधल्या फटीतून साडेआठ ते दहा एवढाच वेळ ऊन आत यायचं, तेही डाव्या कोपऱ्यात. साताऱ्याकडचं अंगण सोडून आलेल्या बाळाबाई त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून गुडघे शेकत बसायच्या. दिवसभरात त्यांचं स्वतःचं असं काही असेल तर ते तेवढंच. बाकी सगळा वेळ औषधं, टीव्ही आणि सुनेची मीटिंग चालू असताना भांडं न आपटणं. आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात चिरंजीवांनी लाल पेनने टोमॅटो लिहिले होते. का, तर ऊन तिथेच येतं म्हणून!

"दीड तासाच्या उनात टमाटं धरत्यात व्हय?"

"आई, मी तीन आठवडे रिसर्च केलाय."

रिसर्च म्हणे! ज्याने जन्मात कोथिंबिरीची काडी खोचली नाही, तो तीन आठवडे मोबाइलवर दुसऱ्यांची वांगी बघत बसला होता. नंदकुमारची नोकरी न्हावा शेव्याला. कुठला कंटेनर कुठल्या जहाजात कुठे ठेवायचा, हे ठरवण्याची. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू कुठेही बसवता येते, अशी त्याची ठाम समजूत होती. फक्त आई कुठे बसवायची, तेवढं त्याला सुचलं नव्हतं.

"होऊ द्या हो आई त्याचं," सुनयना चहा गाळत म्हणाली. "मागच्या थंडीत सायकल होती. ती जशी संपली तशी बागही संपेल."

"सायकल संपली, पन पलंगामागनं हाललीय का?" बाळाबाई म्हणाल्या.

दुपारी नंदकुमारने मातीसाठी फोन लावला. नर्सरीतल्या पिशव्या म्हणे महाग आणि निकृष्ट. खरी माती थेट मूळ ठिकाणाहून घ्यायची, असं रिसर्चमध्ये होतं. उरणच्या बाजूचा धनाजी नावाचा मातीवाला त्याने शोधून काढला होता. फोन स्पीकरवर होता.

"लाल माती एक नंबर हाय, दादा. किती ब्रास टाकू?"

नंदकुमार थबकला. ब्रास म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. पण नियोजन खात्यातला माणूस एका मातीवाल्याला कसा विचारणार?

"एका ब्रासमध्ये काय होतंय," तो भारदस्त आवाजात म्हणाला. "दोन टाका."

सोफ्यावर पावटे सोलणाऱ्या बाळाबाईंचा हात थांबला. गावाकडचं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. वाळूच्या किती गाड्या आल्या आणि मुरमाच्या किती, हे त्यांना आजही तोंडपाठ होतं.

"नंदू, आरं, ब्रास म्हंजी..."

"आई, प्लीज! मी बोलतोय ना?"

झालं. बाळाबाईंनी पुढची शेंग उचलली. एवढं शिकलेलं लेकरू, त्याला आपण अडाण्यानं काय सांगायचं? येऊ दे म्हणावं. त्यांना रागही आला होता आणि, खोटं कशाला बोला, थोडी मजाही वाटत होती.

रविवारी सकाळी साडेसहाला सोसायटीत असा आवाज झाला की पाचव्या मजल्यापर्यंतची कुत्री भुंकायला लागली. नंदकुमार स्वेटर उलटा घालून खाली धावला. मागोमाग शाल गुंडाळून बाळाबाईही उतरल्या. असला तमाशा कोण चुकवतंय! तळघरातल्या पार्किंगच्या उताराच्या तोंडाशी एक डंपर पाठ वर करून उभा होता आणि त्यातून लाल माती बदाबदा कोसळत होती. ढीग वाढत वाढत वॉचमनच्या केबिनच्या खिडकीला लागला.

"अहो, थांबा! हे कुणाचंय?"

"तुमचंच की, दादा," धनाजी चिठ्ठी पुढे करत म्हणाला. "दोन ब्रास. तुमीच बोल्लं ना, एकानं काय होतंय?"

"पण मला चौदा कुंड्या भरायच्या होत्या!"

धनाजीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. असलं गिऱ्हाईक रोज भेटत नाही, हे त्याच्या नजरेत होतं. मग तो केबिनमध्ये चढला आणि डंपर घेऊन निघूनही गेला. माती परत भरायची भाषा त्याने करू दिली नाही.

तेवढ्यात सेक्रेटरी राजवर्धन ट्रॅकसूटमध्ये अवतरले. खाली साठ गाड्या अडकल्या होत्या. कुणाला एअरपोर्ट गाठायचा होता, कुणाला पनवेलला साखरपुडा.

"मिस्टर नंदकुमार, नऊच्या आत हे क्लिअर पाहिजे. नाहीतर कमिटी ॲक्शन घेईल. आणि लिफ्टमधून एक ढेकूळसुद्धा जाता कामा नये!"

आता दुसरा कुणी फावडं शोधायला गेला असता. नंदकुमारने लॅपटॉप आणला. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे वॉचमनच्या स्टुलावर बसून शोधून त्याने हिशोब मांडला आणि त्याचा चेहरा मातीपेक्षा लाल झाला. सगळी माती वर नेली, तर बाल्कनी साडेचार फूट भरणार होती.

"म्हंजी माज्या गळ्यापत्तूर," बाळाबाई शेजारून म्हणाल्या. "बरं हाय. मला बी त्यातच लाव. पानी तेवडं घालत जा."

नंदकुमार रडायचाच बाकी होता. शेवटी सुनयनानेच वरून सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'लाल माती, फुकट. आपापली बादली आणावी.'

आणि मग काय विचारता! पाच मिनिटांपूर्वी 'सिव्हिक सेन्स नाही लोकांना' म्हणून बाल्कनीतून ओरडणारी माणसं टब, कुकर, जुन्या बॅगा, जे हाताला लागेल ते घेऊन खाली आली. एकाने बाळाची ढकलगाडी आणली. बाळ बायकोच्या कडेवर होतं. ज्यांच्या घरी एक वाळकी तुळस, ती माणसंही तीन तीन खेपा मारत होती. एअरपोर्टवाल्याने टॅक्सी बोलावली, पण निघण्याआधी दोन बादल्या वर पोचवल्या. स्वतः राजवर्धनांनी मिसेसना खूण केली आणि त्या निळं पिंप घेऊन आल्या. फुकट म्हटलं की आपल्या माणसाला ना ऊन दिसतं ना लाज.

तरी निम्मा ढीग उरलाच. तेव्हा बाळाबाईंनी पदर खोचला.

कंपाउंडच्या भिंतीला लागून सोसायटीची बाग होती. म्हणजे 'फुलं तोडू नयेत' अशी पाटी होती, फुलं नव्हती. "ती माती हितं वडा," त्या म्हणाल्या. "मेथी टाकू, मुळा टाकू. थंडीचं दिस हायेत, म्हैन्यात भाजी हुईल."

"आजी, असं चालत नाही," राजवर्धन म्हणाले. "कमिटीत ठराव पास करावा लागेल."

"कर की ठराव. पन आदी फावडं धर!"

आश्चर्य म्हणजे राजवर्धनांनी फावडं धरलं. नंदकुमारने घमेली वाहिली. पावणेनऊला उतार मोकळा झाला आणि गाड्या सुटल्या. बाळाबाईंना तर हुरूपच चढला. वर्ष-दीड वर्षात त्यांना कुणी एक गोष्ट विचारली नव्हती, आणि आता चार ग्रॅज्युएट माणसं त्यांच्या बोटाकडे बघत होती. त्यांनी काठीने जमिनीवर रेघा ओढल्या. इथे मेथी, इथे मुळा, पलीकडे लसूण. चौथी रेघ एका सिमेंटच्या बाकड्याला अडली. बाकड्यावर तळमजल्यावरचे मधुकरराव पेपर वाचत बसले होते. गेली नऊ वर्षं ते हिवाळ्यातल्या सकाळी तिथेच बसत.

"उटा जरा," बाळाबाई म्हणाल्या. "हितं पालक येनार."

"अहो, पण बाई, माझं बाकडं? माझ्या घरात ऊन येत नाही हो."

"पालकाला बी लागतंच की ऊन!" असं म्हणून त्यांनी राजवर्धनांना बाकड्याचं एक टोक धरायला लावलं. बाकडं जिन्याखालच्या अंधारात गेलं. मधुकरराव पेपर काखेत मारून निघाले, आणि ते कुठे गेले हे बघायला बाळाबाईंना फुरसत नव्हती.

साडेनऊच्या सुमारास नंदकुमारला एकाएकी आठवलं, की चौदा कुंड्यांसाठी मूठभर मातीसुद्धा आपण मागे ठेवलेली नाही. तो वर पळाला. बाळाबाई मनसोक्त हसल्या. चला, टोमॅटोचं प्रकरण मिटलं, कोपरा वाचला! उद्यापासून पाय पसरून बसू. त्यांनी कंबर सरळ केली, कपाळावर हात धरला आणि समाधानाने वर आपल्या बाल्कनीकडे पाहिलं.

डाव्या कोपऱ्यात, त्यांच्या खुर्चीत, मधुकरराव बसले होते. मांडीवर पेपर, हातात सुनयनाने दिलेला चहा, आणि अंगभर ऊन. शेजारी नंदकुमार वहीत खालच्या वाफ्यांचा नकाशा काढत उभा होता.

"बाई!" मधुकररावांनी वरून आवाज दिला. "वाफा वाकडा आलाय तुमचा. इथून स्पष्ट दिसतंय."

बाळाबाईंनी खालून काठी उगारली.

"आणि सूनबाईनेच वर बोलावलं. म्हणाली, रोज या," मधुकरराव पान उलटत म्हणाले. "तुम्ही आता खालीच असणार ना?"