मेलेला उठला तर पिच्चर पास

विनोदी पिच्चर बघताना दुंदाभाऊच्या हातात दोरी लागते. पडद्यावर लोक चिखलात लोळत असतात, एकमेकांच्या टकलावर दही ओतत असतात आणि हा गृहस्थ सुंभाच्या गाठी मारतोय, सोडतोय. चेहरा मयताला आल्यासारखा. त्यात त्याचा दोष नाही, तो बहुतेक मयतावरूनच आलेला असतो.

आमच्या किन्हवलीत कुणी गेलं की पहिली हाक दुंदाभाऊला. तिरडी त्यानेच बांधायची. त्यामुळे आजारी माणसाच्या दारावरून तो नुसता गेला तरी लोक कडी लावून घेतात. मला एकदा साधं पडसं झालं होतं, तेव्हा हा चौकशीला आला. माझ्या बायकोने त्याला ओसरीवरच चहा पाजून कटवला. जाताना त्याने दारातून वाकून मला नखशिखांत पाहिलं. माप घेतलं असं मी म्हणत नाही, पण पडसं त्याच दिवशी पळालं.

तर असा हा माणूस विनोदी पिच्चर सोडून दुसरं काही बघत नसे. वाशिंदला दिलेल्या त्याच्या मुलीने घरचा जुना टीव्ही सीडी प्लेअरसकट आणून दिला आणि आमच्या आळीला एक समीक्षक मिळाला. गावच्या नाटकात मी खलनायक करतो, म्हणून अभिनयावर चार शब्द बोलायला शेजारी जाऊन बसायचो. माझे चार शब्द कधी झालेच नाहीत.

केळीच्या सालीवरून नट घसरला, की भाऊ म्हणायचा, “साल रस्त्यात राहिली कशी? गावात गुरं मेली का?” जुळ्या भावांची अदलाबदल झाली आणि खुद्द आई फसली, तर, “माझी म्हस पारडू वासावरनं वळखते. नापास.” पुरुषाने बाईचं सोंग घेतलं की लुगड्याच्या काष्ट्यावरून नापास. सगळ्यात जास्त राग तिरडीच्या प्रसंगावर. मेलेला मधेच शिंकतो, उठून बसतो, खांदेकरी तिरडी टाकून पळतात. भाऊ दोरी आपटायचा. “पायाचे अंगठे मोकळे! छातीवर गाठ बघ, सुरगाठ! टोक वढला की सुटली. अशी बांधल्यावर उठंल नाय तर काय करंल? माझी निरगाठ असती तर याचा बाप उठला नसता.”

आणि कोपऱ्यातल्या खाटेवर जनावहिनी हसून हसून उशीत तोंड खुपसायची.

ती दुंदाभाऊची बायको. छातीच्या दुखण्याने खाटेला खिळलेली. कल्याणच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, त्याचा अर्थ तिलाही कळला होता. भाऊने मात्र स्वतःचा एक हिशेब मांडला होता. तो एकदा गोठ्यात मला हळूच म्हणाला, “आजवर इतकी बांधली, पण हसता माणूस कंदी बांधला नाय रे.” म्हणून रोज एक पिच्चर. वहिनी हसली की त्या दिवसापुरती सुटका. पिच्चर पास की नापास ते नुसतं तोंडाने म्हणण्यापुरतं असायचं, खरा निकाल तो खाटेकडे बघून लावायचा.

गंमत अशी, की वहिनी पिच्चरला हसतच नव्हती. ती याला हसायची. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, त्याला कधीच कळलं नाही. तो वाशिंदच्या मुलीला फोन करून आणखी पिच्चरच्या सीड्या मागवत राहिला.

तिरडीचा तो प्रसंग वहिनीच्या आवडीचा. एकदा हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर म्हणाली, “अवो, माझ्या टायमाला सुरगाठच मारा. वाटंत उठून चहा मागीन.”

भाऊने टीव्ही बंद केला. मग दिवसभर गोठ्यात म्हशीपाशी जाऊन बसला.

म्हसा गावची जत्रा उठली त्या सुमारास वहिनी हसायची थांबली. भाऊने आदल्या दिवशी लागोपाठ पिच्चर लावले, आवाज वाढवला, सालीवरून घसरणारा नट तर स्वतः करून दाखवला. नाटकात माझ्या शेजारी उभं करावं इतकं वाईट काम. तिने फक्त हात हलवला, पुरे म्हणून. सकाळी ती गेली.

आमच्याकडे घरच्या माणसाने तिरडी बांधायला हात लावायचा नसतो. आणि दुसऱ्या कुणाला बांधता येत नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्याच्या शेजारी बसून बसून गाठी मलाच पाठ झाल्या होत्या. मी बांबू जोडले, पेंढा अंथरला. वहिनीला हिरव्या लुगड्यात ठेवलं. अंगठे बांधले. छातीवरची गाठ मारायला वाकलो, तेव्हा मागून भाऊ आला.

“सुरगाठ मार.”

“भाऊ, वाटेत सुटेल.”

“मार सांगतो ना.”

मारली. खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण तिरड्यांच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालणार कोण?

तो पुढे मडकं धरून चालला. पुढच्याने मागे बघायचं नसतं, हे गावाला यानेच दम देऊन शिकवलेलं. आज हाच पावलापावलाला वळून बघत होता. ओढ्याच्या उताराला तिरडी जरा हिंदकळली, तेव्हा तर थांबलाच. मग पुन्हा चालू लागला.

मसणवटीत दोर सोडायची वेळ आली. मी पुढे झालो, तर त्याने हाताने मला बाजूला केलं. सुंभाचं टोक धरून हलकेच ओढलं. गाठ सुटली. तो तसाच वाकून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. खांदेकरी चुळबुळायला लागले तरी बघत राहिला.

मग सरळ झाला, सुंभ हाताला गुंडाळून घेतला आणि मला ऐकू येईल इतपतच म्हणाला,

“नापास.”