भोवऱ्याची तालीम

रविवार, ९ मार्च. आकाश स्वच्छ. वारा पश्चिमेचा, मंद. सकाळी साडेसहाला तापमान सतरा अंश.

गेली एकवीस वर्षं मी रोजची हवा वहीत टिपतो, पण हवा लिहिताना आकडा दोनदा खोडायची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी बायकोला शेजारी बसवून मी विमान उडवणार होतो. विमान माझंच होतं, परवाना माझाच होता आणि बायकोही माझीच. तरीही सकाळपासून मला तिन्हींपैकी कशाचीच खात्री वाटत नव्हती.

सुरुवात झाली ती एका लेबलापासून.

मी वजनमापे कार्यालयात काम करतो. दुकानदारांचे तराजू तपासतो. काटा दोन ग्रॅमने चुकला तर मला जेवण गोड लागत नाही. असा माणूस विमान कशाला घेतो, असं मला सगळेच विचारतात. उत्तर सोपं आहे. एकावन्नाव्या वर्षी माणसाला वाटतं की आयुष्यात एक तरी गोष्ट न मोजता करावी. परवाना मी पाच वर्षांपूर्वी फ्लाइंग क्लबाच्या शिकाऊ विमानावर मिळवला होता. ते विमान इतकं गरीब की डुलकी लागली तरी ते आपलं सरळ जात राहील. मग मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या वैमानिकाने आपलं स्वतःचं विमान विकायला काढलं. दोन माणसांचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, सायीच्या रंगाचं, आणि माझ्याहून अकरा वर्षांनी मोठं. ते इतक्या स्वस्तात का, हे मी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण उत्तर यायच्या आत होकार देऊन टाकला.

उत्तर मग क्लबात मिळालं. तिथे त्या विमानाला भोवरा म्हणतात. वेग कमी असताना वळायला गेलं की त्याचा एक पंख अचानक खाली बसतो, आणि विमान गरगरत जमिनीकडे निघतं. उंचावर असलात तर सावरता येतं. खाली असलात तर सावरायला काही उरत नाही.

आमच्या शिक्षिका, ज्यांना सगळे कॅप्टनबाई म्हणतात, त्या सत्तरीच्या आहेत आणि दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलतात. त्यातले दहा त्यांनी माझ्यावर खर्च केले.

"विमान वाईट नाही. त्याला चूक खपत नाही. तुम्हाला शिकावं लागेल."

मी त्यांच्याकडून भोवरा शिकलो. बावीस तास. शेवटी त्यांनी सही केली, पण सही करताना पेन थोडा वेळ कागदावर नुसताच टेकवून ठेवला होता, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

स्वभावाप्रमाणे मी या जातीच्या विमानांच्या अपघातांचे अहवाल गोळा केले. एकूण एकतीस. प्रत्येकाचा सारांश केला, अनुक्रमणिका केली, फाईल लावली. आता ही फाईल घरात ठेवायची कुठे? बायकोला मी सांगून बसलो होतो की भोवरा हे नाव विमानाच्या गोंडस आकारावरून पडलं आहे. तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला. फाईलवर लेबल लावलं: 'गीझरची वॉरंटी'. आणि ती कपाटात इतर वॉरंट्यांच्या ओळीत, अक्षरानुक्रमाने, नीट लावून ठेवली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गीझर बंद पडला.

मी कचेरीतून आलो तेव्हा बायको जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसली होती. समोर फाईल उघडी, हातात लाल पेन.

"गीझरचं काही समजलं का?" मी बूट काढत विचारलं.

"समजलं. गीझरने एकोणीस माणसं मारलीत."

मी बूट परत घातला.

"अगं, पण बाकीचे वाचले," मी म्हणालो. (हे वाक्य उपयोगी पडलं नाही.)

"भोवरा आकारावरून म्हणतात ना?"

"तसं मागून पाहिलं तर जरासा..."

"बसा."

मी बसलो. इथे सांगायला हवं की माझी बायको इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. सव्वीस वर्षं. ऑपरेशन संपत आलं की आत गेलेला कापसाचा प्रत्येक बोळा बाहेर आला की नाही हे ती मोजते, आणि तिचा आकडा जुळेपर्यंत मोठमोठे सर्जन हात वर धरून उभे राहतात. तिथे एकाने सांगितलेलं दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणायचं, अशी पद्धत आहे. माणूस ऐकतो असं ती मानत नाही. परत म्हणतो तेव्हाच ऐकलेलं असतं.

मला वाटलं होतं ती रडेल, निदान ओरडेल. ती तयारी मी केली होती. पण तिने नुसती फाईल माझ्याकडे फिरवली.

"सगळी वाचली. दोनदा. यातला एकही माणूस विमानाने मेलेला नाही. सगळे घाईने मेलेत. एकतीस अपघातांतले चौदा तर एकाच चुकीने. उडाल्या उडाल्या इंजिन बंद पडलं, मागे धावपट्टी दिसली, आणि मागे वळायला गेले."

"हो. त्याला एकच उपाय. मागे वळायचं नाही. नाक खाली, समोर जे असेल तिथे उतरायचं."

"तुम्ही वळाल."

"मी?"

"घराला कुलूप लावून आपण कोपऱ्यापर्यंत जातो आणि तुम्ही मागे वळता. रोज. गॅस बंद केला का ते बघायला."

त्या दिवशी सकाळीसुद्धा मी वळलो होतो.

मग तिने निकाल दिला. एक महिना घरात तालीम. महिन्यानंतर ती स्वतः विमानात बसणार आणि बघणार. तिला पटलं तर भोवरा राहील. नाही पटलं तर त्याच आठवड्यात विकायचा, आणि पुन्हा विमान हा शब्द घरात काढायचा नाही.

"कबूल?"

"कबूल."

"परत म्हणा."

"पुन्हा विमान हा शब्द घरात काढायचा नाही," मी म्हणालो. शेतांवरून सकाळी उडताना खालची सगळी घरं आगपेट्यांएवढी दिसतात, आणि त्यातल्या एकातही मला फाईल लावायची नसते. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

तालमीला जेवणाची खुर्ची म्हणजे विमान, माझी छत्री म्हणजे पुढे ढकलला की विमानाचं नाक खाली नेणारा दांडा, लाटणं म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा थ्रॉटल, आणि गीझरवाल्याने काढून ठेवलेली जुनी तोटी म्हणजे पेट्रोलचा कॉक. ती कुठूनही, कधीही ओरडायची, "इंजिन बंद!" आणि मी हातातलं टाकून खुर्चीकडे धावायचो. नाक खाली. सरळ समोर. थ्रॉटल मागे. कॉक बंद. स्विच बंद. दार उघडं. प्रत्येक शब्द मोठ्याने आणि प्रत्येक कृती हाताने. पहिल्या आठवड्यात मी दोनदा कॉकआधी स्विच बंद केला आणि तिने मला दोनदा मृत घोषित केलं. एकदा मी आंघोळीला असताना ती ओरडली. त्या तालमीचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि समोरच्या घरातल्या काकू अजून माझ्याशी बोलताना आभाळाकडे बघतात.

तिसऱ्या आठवड्यात ते अंगात मुरलं. कचेरीत आमच्या वरच्या साहेबांच्या टेबलावरचा पंखा घरघर करून थांबला, आणि मी दोन्ही हात झटकन पुढे ढकलले. चहाचा कप साहेबांच्या मांडीवर उतरला.

"हे काय?" साहेब ओरडले.

"नाक खाली, साहेब."

साहेबांनी मला दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं.

एवढंच नाही. बायको मागून हाक मारायची, "अहो, डबा विसरलात!" आणि मी तसाच सरळ बसथांब्याकडे चालत राहायचो. त्या महिन्यात मी चार वेळा उपाशी राहिलो. पण मागे वळलो नाही. गॅससाठीसुद्धा.

तर, ९ मार्च.

विमानतळ म्हणजे एक गवताची धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि मांडीवर रेडिओ घेऊन घडीच्या खुर्चीवर बसलेल्या कॅप्टनबाई. क्लबाच्या मिस्त्रीने पेट्रोल भरलं, मी मोजपट्टी बुडवून मोजलं, बायकोने ती माझ्या हातातून घेऊन पुन्हा मोजलं. मिस्त्री तोंड फिरवून हसला. मग आम्ही आत बसलो. भोवऱ्यात दोन माणसं बसली की खांद्याला खांदा लागतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर इतकं जवळ बसायची सवय राहत नाही.

इंजिन सुरू केलं. माझी चौऱ्याहत्तर मुद्द्यांची यादी मी वाचली, तिने प्रत्येक मुद्दा परत म्हटला. इंजिन तापलं. धावपट्टीच्या तोंडाशी येऊन मी थांबलो. सगळं झालं होतं, फक्त निघायचं होतं.

"एक शेवटची तालीम," ती म्हणाली.

"इथे?"

"खुर्चीवर येतं तुम्हाला. इथे येतं का ते बघू दे. तोंडाने नको, हाताने. इंजिन बंद!"

मी केलं. नाक खाली. सरळ समोर. थ्रॉटल मागे. कॉक बंद. स्विचला नुसता हात लावला, कारण तो फिरवला असता तर इंजिन खरंच बंद पडलं असतं. (एवढं भान मला होतं, याचा त्या क्षणी मला अभिमान वाटला.) दार उघडलं, पुन्हा लावलं.

"छान," ती म्हणाली. गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच. मी इतका खूश झालो की तसाच थ्रॉटल पुढे केला आणि निघालो.

शेपूट उचललं. चाकांचा खडखड आवाज थांबला. आम्ही हवेत होतो. झाडं खाली गेली, शेड खाली गेली, आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर बायको खाली बघत होती आणि तिचे ओठ किंचित उघडे होते.

"आगपेट्या," ती म्हणाली.

मी काही बोलणार, तेवढ्यात इंजिन एकदा खोकलं. मग दोनदा. मग थांबलं.

दोनशे फूट. अशी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. कापडावरून वारा सरकत होता, त्याचा तेवढा आवाज. डाव्या खांद्यामागे धावपट्टी दिसत होती. हिरवीगार, रुंद, सपाट, ओळखीची. समोर होतं कापणी झालेलं शेत, त्यापलीकडे बांध. आणि मी कबूल करतो की महिनाभराची तालीम, चार उपास, साहेबांची मांडी, सगळं विसरून माझा हात डावीकडे गेला.

"मागे वळायचं नाही," बायको म्हणाली. ओरडली नाही. सर्जनला सांगते तसं. "परत म्हणा."

"मागे वळायचं नाही."

"नाक खाली."

"नाक खाली." दांडा पुढे गेला. पंखांनी हवा धरली.

"सरळ समोर. थ्रॉटल मागे."

"सरळ समोर. थ्रॉटल मागे."

"कॉक बंद."

मी कॉककडे हात नेला. तो आधीच बंद होता.

ती माझ्या हाताकडे बघत होती. उघडायला, पेट्रोल यायला आणि इंजिन पुन्हा धरायला वेळ नव्हता. शेत वर आलं. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. धसकटं पोटाखाली करकर वाजली, बांध जवळ आला, आणखी जवळ आला, आणि भोवरा थांबला. बांधापासून सहा पावलं. (नंतर मी मोजली.)

"स्विच," बायको म्हणाली.

"स्विच बंद."

"दार."

"दार उघडं."

दार उघडून आम्ही धसकटांत उतरलो. तिने माझी नाडी घेतली, मग स्वतःची घेतली, आणि दोन्ही आकडे मला सांगितले नाहीत.

मिस्त्री धापा टाकत शेतातून आला. मागून सावकाश कॅप्टनबाई. मिस्त्रीने झाकण उघडलं, तारा ओढून पाहिल्या, पाइप हुंगले. दहा मिनिटं तो इंजिनात होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे होतो, लग्नातल्या फोटोसारखे. मग त्याने दारातून आत डोकं घातलं.

"साहेब, हा कॉक बंद आहे."

"इंजिन बंद पडल्यावर बंद करायचा असतो," मी म्हणालो. प्रत्येक शब्द खरा होता.

"पण इंजिन बंद पडलं कशामुळे? पाइपात थेंब नाही. हा आधीच बंद होता. उरलंसुरलं पेट्रोल मिनिटभर पुरतं, तेवढ्यावर उडालात तुम्ही." मिस्त्री गोंधळला. "निघायच्या वेळी कॉक कोण बंद करतो?"

कॅप्टनबाई माझ्याकडे बघत होत्या. बायको माझ्याकडे बघत होती. बांधावर एक गाय होती, तीही बघत होती.

"तालमीत आम्ही बंद करायचा शिकलो," मी शेवटी म्हणालो. "उघडायचा शिकलो नव्हतो."

"माझी चूक," बायको म्हणाली. "आत गेलं ते मोजलं. बाहेर आलं ते मोजलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा."

मला आयुष्यात तिच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती. मी म्हणालो, "अगं, जाऊ दे. ठरलंय तसं करू. मिस्त्री, गिऱ्हाईक बघा."

"थांबा," ती म्हणाली. ती विमानाभोवती एक फेरी मारून आली. पंखावरून हात फिरवला, चाकं पाहिली, शेपटीपाशी वाकली. तिचा चेहरा मला ओळखीचा होता. ऑपरेशन चांगलं झालं की ती असंच तोंड करून घरी येते.

"याने काय वाईट केलं? पेट्रोल बंद केलं तर थांबलं. नाक खाली केलं तर उतरलं. जे सांगितलं ते केलं. विकायचं कशाला?"

"म्हणजे ठेवायचं?" माझा आवाज चिरकला.

"विमान ठेवायचं," ती म्हणाली, आणि कॅप्टनबाईंकडे वळली. "बाई, या वयात शिकता येतं का?"

कॅप्टनबाईंनी तिला नखशिखान्त पाहिलं.

"मगाशी 'परत म्हणा' कोण म्हणालं? तुमच्या रेडिओचं बटण दाबलेलं राहिलं होतं. सगळं ऐकलं मी."

"मी."

"उद्या सातला या."

भोवऱ्याचं शेपटीचं चाक वाकलं होतं. ते अकरा दिवसांत बदललं. बायकोने कॅप्टनबाईंकडे आधी क्लबाच्या विमानावर आणि मग भोवऱ्यावर मिळून चौतीस तास घेतले. रविवार, १७ ऑगस्ट रोजी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, ती भोवऱ्यातून एकटी उडाली. बावीस मिनिटं हवेत होती. तीन वेळा उतरली, तिन्ही वेळा धावपट्टीवर. त्या दिवसापासून मला उजव्या, म्हणजे प्रवाशाच्या, बाजूला बसायची परवानगी आहे. कशालाही हात लावायची नाही.