द्वारकाबाईंच्या नामशेष होण्यास हरकत

कुंभेदरीच्या जंगलातले प्राणी दर रविवारी सकाळी सहा वाजता माणसे पाहायला पायी निघतात, दिसलेल्या प्रत्येक माणसाची वहीत नोंद करतात, आणि जो माणूस सलग तीन वर्षे कोणालाच दिसत नाही, तो त्या परिसरातून नामशेष झाला असे जाहीर करतात. ही पद्धत जुनी होती आणि गावात तिच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. द्वारकाबाई बेहेरे यांचीही नव्हती. किंबहुना शिस्तीची म्हणून त्यांना ती पसंतच होती. वैशाखातल्या एका मंगळवारी मुंगसाने दाराखालून सरकवलेले पत्र त्यांनी उघडले, तोवर तरी होती.

पत्राचा विषय ‘आपण नामशेष झाल्याबाबत’ असा होता. मागील तीन वर्षांत आपण कोणत्याही निरीक्षकास आढळला नाहीत, सबब आपणांस नामशेष घोषित करण्याचे योजिले आहे, तरी येत्या रविवारच्या पुढील रविवारी होणाऱ्या वार्षिक गणनेपर्यंत हरकत असल्यास समक्ष येऊन नोंदवावी, असे त्यात लिहिले होते. अक्षर वळणदार होते. द्वारकाबाईंनी पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि मग त्या खुर्चीवर बसल्या. एरवी सकाळच्या वेळी त्या खुर्चीवर बसत नसत.

नामशेष झालेल्या माणसाला जंगलातल्या पायवाटेवर पाऊल टाकता येत नसे. हे तर्काला धरूनच होते. फाटकापाशी ‘पूर्वी येथे आढळत’ असा एक फलक होता, आणि त्यावर आजवर एक हरकारा, दोन कोळसेवाले व एक कवी यांची छायाचित्रे लागली होती. कवी अजून गावातच राहत होते, परंतु ते घराबाहेर पडत नसत.

द्वारकाबाईंचे वय अडुसष्ट. मुलींच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षे शिवण शिकवले होते आणि गेली एकतीस वर्षे दर रविवारी त्या पहाटे उठून पायवाट चालत आल्या होत्या. आठवड्याचे सहा दिवस आपण या सातव्या दिवसासाठी काढतो, असे त्या कधी बोलून दाखवीत नसत. मात्र शनिवारी संध्याकाळी त्यांचा आवाज जरा मऊ होई, हे घरातल्यांच्या लक्षात आले होते. चालण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पातळ मातकट रंगाचे. हातात बांगडी नाही. आदल्या दिवसापासून अंगाला साबण नाही, केसांना वासाचे तेल नाही. वारा नेहमी समोरून घ्यायचा, पाऊल आधी टाचेवर टेकायचे, आणि फाटक ओलांडल्यापासून परत येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचे नाही. या रीतीने त्यांनी खवले मांजर चार वेळा पाहिले होते, बिबट्याला जांभई देताना पाहिले होते, आणि एकदा दोन साळिंदरांचे भांडण सुरुवातीपासून समेटापर्यंत पाहिले होते. त्यांनी सगळ्यांना पाहिले होते. त्यांना अलीकडे कोणीही पाहिले नव्हते.

घरात दुसरी होती ती त्यांची भावजय लीला. भावाच्या पश्चात दोघी एकत्र राहत. लीलाही रविवारी जंगलात जाई, पण ती गुलबक्षी पातळ नेसून, दोन्ही हातांत डझन डझन बांगड्या घालून, आणि करकरणाऱ्या पिशवीत चकल्या घेऊन. समोर कोणताही पक्षी आला की ती त्याला ‘अगंबाई, तू होय’ असे म्हणे. प्राण्यांच्या वहीत तिची नोंद चारशे बारा वेळा झाली होती आणि तिचा वर्ग ‘विपुल’ असा होता.

तिने पत्र वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवला. “वन्सं, फलकावर लावायला तो गॅदरिंगचा फोटो द्या हो. त्यात तुम्ही हसल्यासारख्या दिसता.”

द्वारकाबाईंनी तिला सांगितले की फोटो द्यायची वेळ येणार नाही, आणि बुधवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्या हरकत नोंदवायला गेल्या.

नोंदींचे कार्यालय तिसऱ्या वळणावरच्या कातळावर होते आणि तेथे एक घोरपड काम पाहत असे. अकरा वर्षांत तिने आपली जागा सोडली नव्हती, आणि घोरपडीकडून तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. तिने पत्र उन्हात धरून पाहिले. आपण या परिसरात आहात याला पुरावा काय, असे तिने विचारले.

“मी आपल्यासमोर उभी आहे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

घोरपडीने त्यांच्या दोन्ही मनगटांकडे सावकाश पाहिले. “आपल्या हातात कांकण दिसत नाही.”

मग तिने नियम समजावून सांगितला. कार्यालयात आलेला माणूस हा अर्जदार असतो. तो दिसला असे धरता येत नाही. माणूस जंगलात किंवा पाणवठ्यावर, आपल्या नैसर्गिक वर्तनात आढळला पाहिजे. पाहणारे निरीक्षक किमान दोन असावेत, त्यांत एक सस्तन आणि एक पक्षी. माणसाने माणसाला पाहिल्याची साक्ष ग्राह्य नाही, कारण माणसे एकमेकांना पाहिल्याचे वाटेल तसे सांगतात.

द्वारकाबाईंना यातले एकही कलम चुकीचे वाटले नाही, आणि त्यामुळे त्या अधिकच अस्वस्थ झाल्या. आपली एकही नोंद नाही हे संभवतच नाही, कृपा करून पुन्हा पाहावे, असे त्यांनी सांगितले. घोरपडीने जिभेने पाने उलटली. बऱ्याच वेळाने ती थांबली.

“आपली नोंद आहे,” ती म्हणाली. “वनस्पतींच्या वहीत.”

एकशे सात नोंदी होत्या. ऐनाचे वठलेले खोड, उंची पाच फूट, स्थिती उत्तम, कीड नाही. खोड दर वेळी निराळ्या जागी आढळते, असे एका मोराने समासात लिहिले होते, पण मोराचे लिहिणे कोणी मनावर घेत नसे. एका नोंदीपुढे, तांबट पक्ष्याने घरट्यासाठी विचारात घेतले, असा शेरा होता. द्वारकाबाईंना तो दिवस स्पष्ट आठवत होता. तांबटाने त्यांच्या डाव्या खांद्यावर तीनदा टोचून पाहिले होते, आणि आपण हललो नाही याचा त्यांना तेव्हा अभिमान वाटला होता.

नोंदीत दुरुस्ती होऊ शकत होती. मात्र वनस्पतींची वही वडाकडे असे, आणि वड सध्या सेहेचाळीस सालचे अर्ज पाहत होते.

पहिल्या रविवारी द्वारकाबाईंनी मन घट्ट केले आणि लीलेचे गुलबक्षी पातळ नेसले. तिच्या बांगड्या घातल्या, कानामागे अत्तर लावले, वारा पाठीमागून घेतला, आणि पायवाटेवरून कोरड्या पानांवर मुद्दाम पाय देत निघाल्या. पहिल्या वळणापर्यंत त्या अकरा वेळा खोकल्या. त्यापुढे गाणे म्हणावे असा त्यांचा बेत होता, पण गाणे एकही आठवेना, म्हणून त्यांनी एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हटला. एकोणतीस साते दोनशे तीनला दोन भेकरे थबकली. एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्टला वानरांची टोळी झाडावरून खाली वाकली आणि रानकोंबड्याने वही काढली. द्वारकाबाईंना दरदरून घाम फुटला होता, पण त्या पाढा पुरा करूनच थांबल्या.

संध्याकाळी निकाल आला. वानर, भेकरे आणि रानकोंबडा यांनी एकमताने लिहिले होते: लीला बेहेरे, प्रौढ मादी, घसा बसलेला. त्याच वेळी एका चिमणीने लीला बेहेरे घराच्या अंगणात पापड वाळत घालत असल्याची नोंद केली होती. एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी आढळणे अशक्य असल्यामुळे लीलांची संख्या दोन धरण्यात आली होती. जोडी असावी, असा कयास होता.

द्वारकाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. लीलेने ताट झाकून ठेवले आणि बराच वेळ ती दाराशी उभी राहिली.

“वन्सं,” ती म्हणाली, “मला तुम्ही दिसता हो.”

“तुझं दिसणं ग्राह्य नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या. पण थोड्या वेळाने त्यांनी ताटावरचे झाकण काढले.

वार्षिक गणना पाणवठ्यावर होत असे. उन्हाळ्यात प्रत्येक सजीव दिवसातून एकदा तरी पाणवठ्यावर येतो, हे शास्त्र आहे, आणि कुंभेदरीत माणसांचा पाणवठा म्हणजे फाटकापाशी असलेली परशरामची चहाची टपरी. टपरीसमोरच्या रानआंब्यावर फांद्यांचे मचाण बांधले जाई. सकाळी सहा ते अकरा, पाच तास, निरीक्षकांनी त्यावर बसून खाली येणाऱ्या माणसांची मोजदाद करायची, असा शिरस्ता होता.

द्वारकाबाई बाहेरचा चहा पीत नसत. त्या दिवशी मात्र त्या सहाला पाच मिनिटे कमी असताना टपरीच्या बाकावर येऊन बसल्या. पातळ नेहमीचे मातकट होते, कारण नैसर्गिक वर्तन हे कलम त्यांना मोडायचे नव्हते. समोरच्या चहावर साय धरली. त्या ताठ बसून राहिल्या. सात वाजेपर्यंत त्यांच्या डाव्या बाजूच्या चौकीदाराची नोंद झाली: प्रौढ नर, बशीने पितो. उजव्या बाजूच्या एस.टी. कंडक्टरची झाली. लीला आली आणि तिची दोनदा झाली. निरीक्षकांच्या नजरा द्वारकाबाईंवरून खांबावरून फिराव्यात तशा फिरत होत्या. नऊ वाजता एक सरडा त्यांच्या पिशवीवर चढला, ऊन खात बसला आणि कंटाळून उतरला. दहा वाजले. साडेदहा झाले. फाटकापाशी मुंगूस फलक पुसून नव्या छायाचित्रासाठी जागा करू लागले.

द्वारकाबाई मात्र आता मुंगसाकडे पाहत नव्हत्या. त्या मचाणाकडे पाहत होत्या, आणि त्यांच्याने पाहवत नव्हते. सातभाई पक्षी सातहीजण एकदम बोलत होते. रानडुक्कर चिखलात लोळून येऊन वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसले होते, त्यामुळे खालची माणसे नाकाला पदर लावून लवकर उठत होती. एक शेकरू कैऱ्या खाऊन कोयी बाकावर टाकीत होते. वानर बोट दाखवून हसत होते. धनेशाने परशरामला, तो ओणवा होऊन स्टोव्हला पंप मारत असताना, ‘बालक’ म्हणून लिहून घेतले, आणि कोणी हरकत घेतली नाही. नामशेष होणे द्वारकाबाईंना एक वेळ चालले असते. हा गलथानपणा चालण्यासारखा नव्हता.

अकराला दहा मिनिटे उरली असताना त्या उठून उभ्या राहिल्या.

“शांत बसा,” त्या म्हणाल्या. शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज होता. “याला निरीक्षण म्हणतात? वाऱ्याच्या तोंडाला कोण बसलंय ते? खाली उतरा आणि पलीकडून या. तुम्ही सातजण, एकाने बोला आणि सहांनी ऐका. कैऱ्या घरी जाऊन खा. आणि धनेश, तो बावन्न वर्षांचा गृहस्थ आहे, त्याला नातू आहे, नीट बघून लिहीत जा. पाहायला आलात की दिसायला?”

मचाणावर पान हलेना.

मग अख्खा रानआंबा हलला. चाळीस-पन्नास वह्या एकदम उघडल्या. शेकरू आनंदाच्या भरात फांदीवरून सुटले, खालच्या फांदीला शेपटीने अडकले आणि उलटे लोंबकळतच लिहू लागले. एका भेकराला भोवळ आली. सातभाई एकमेकांच्या पाठीवर चढले. रानडुक्कर सांगितल्याप्रमाणे पलीकडून आले होते आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते. आपल्या आजीने या जातीविषयी सांगितले होते, पण आपण विश्वास ठेवला नव्हता, असे ते ज्याला त्याला सांगत होते.

घोरपड कातळावरून उतरून टपरीपर्यंत आली. तिला बारा मिनिटे लागली, पण गणनेचे घड्याळ तिच्याकडेच असल्यामुळे अकरा अजून वाजले नव्हते. तिने द्वारकाबाईंभोवती एक फेरी घातली.

“हे वर्तन नैसर्गिक आहे काय?” तिने विचारले.

तेवढ्यात बाकाच्या टोकावरून, तोंडातला वडा गिळत, लीला उठली. “घरी रोज असंच असतं हो,” ती म्हणाली.

घोरपडीने डोळे मिटून विचार केला. माणसाची साक्ष पाहण्याबाबत ग्राह्य नव्हती. वर्तनाबाबत तसे कोठेही म्हटलेले नव्हते. तिने वहीत लिहिले: द्वारकाबाई बेहेरे. एक. अतिदुर्मिळ. फाटकापाशी मुंगसाने फडके खाली ठेवले. लीलेने वन्संच्या थंड चहावरची साय काढली आणि तो चहा एका घोटात पिऊन टाकला, कारण तो वाया गेलेला द्वारकाबाईंना खपला नसता.

पुढच्या रविवारी द्वारकाबाई पायवाटेवर आल्या तेव्हा त्यांना पाहायला साठ निरीक्षक आले होते. ते झुडपांतून उघडे पडत होते, धक्काबुक्की करत होते, फांद्या मोडत होते. द्वारकाबाईंनी त्यांना तेथेच रांगेत उभे केले. उंचीप्रमाणे लावले, मग वासाप्रमाणे पुन्हा लावले. श्वास कसा घ्यावा हे दाखवले. रानडुकराला दर शनिवारी स्वच्छ पाण्यात बसण्याची ताकीद दिली. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. सातभाईंचे सर्वांत जास्त वेळ चालले. ते एकेक करून गप्प झाले आणि सातवा श्रावणात गप्प झाला.

आश्विनातल्या एका रविवारी द्वारकाबाई फाटकापासून तिसऱ्या वळणापर्यंत गेल्या आणि त्यांना काहीही दिसले नाही. वानर नाही, भेकर नाही, पाखरू नाही. कोठे काडी मोडली नाही, कोठे पान सरकले नाही. एकतीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. त्या दिवशी त्या सत्तावन्न निरीक्षकांना आढळल्या, असे संध्याकाळी वहीत लिहिले गेले.

वळणावर त्या थांबल्या. त्यांनी चहूकडे सावकाश पाहिले, आणि मान हलवली.

“उत्तम,” त्या रिकाम्या जंगलाला म्हणाल्या. “पुढच्या रविवारी सहालाच.”

कोणीही उत्तर दिले नाही. उत्तर बरोबर होते.