भेटीची वेळ एक ते दीड

रणगाडा पुलाच्या मधोमध आला आणि थिजला. पडद्यावर ना धूर हलत होता, ना नदी. टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा पंखा मात्र भुंग्यासारखा घोंघावू लागला. हेडफोनमधून टीमचे चौघे एकदम ओरडत होते, "कॅप्टन, मागे या! कॅप्टन!" दहा सेकंदांनी चित्र पुन्हा हललं तेव्हा रणगाड्याच्या जागी नुसता खड्डा होता.

कॅप्टन म्हणजे निवृत्त मेट्रनबाई. चौतीस वर्षं त्यांनी पुरुषांचा वॉर्ड असा चालवला, की मोठे डॉक्टरही दारात बूट पुसून आत यायचे. निवृत्तीनंतर माणसं गुडघे चोळत बसतात. बाई रोज बारा ते दोन ऑनलाइन रणगाडे हाकायला बसल्या. टीममधलं कुणी त्यांच्या निम्म्या वयाचंही नव्हतं, पण शब्द बाईंचाच चालायचा. आता मात्र हे थिजणं तिसऱ्यांदा झालं होतं. टीमने जड मनाने कळवलं, की पुढच्या गुरुवारी एक वाजता अंतिम सामना आहे. त्याआधी मशीन सुधारलं नाही तर कॅप्टन बदलावा लागेल. बाईंना ते फार लागलं. वयामुळे एकदा घरी बसवलं तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून आले. त्यांनी खेळ चालू करून आकडे पाहिले आणि मान हलवली.

"आत्ता साठच दिसतंय, पण दुपारी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला असणार. म्हातारा झालाय गं तो. आणि तुझंही वय बघ. सोड ना हा खेळ!"

"म्हाताऱ्यांनाच उभं केलंय मी जन्मभर," बाई म्हणाल्या. "तू उपचार सांग. निदान मी करते."

चिरंजीवांनी उपचार सुरू केले. पहिल्या दिवशी खेळाचं चित्र हलकं केलं, तर रणगाडा कुठला आणि वीट कुठली ते कळेना. दुसऱ्या दिवशी मागे चालणारे प्रोग्रॅम बंद केले, त्यात बाईंचा हेडफोनही मुका झाला. मग ब्रशने धूळ काढली आणि डब्याची एक बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावला. दुपारी एक वाजला, की ताप पुन्हा शंभर.

मंगळवारी बाईंचा संयम सुटला. ताप म्हटल्यावर हाताला जे वळण होतं तेच झालं. त्यांनी फ्रीजमधून बर्फाची पिशवी काढून डब्याच्या डोक्यावर ठेवली. पिशवी पाझरली, पाणी पॉवरस्ट्रिपवर ठिबकलं, फट्‌ झालं, आणि घराबरोबर अख्ख्या जिन्याची वीज गेली. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे वकील अर्धा तास अडकले. बाहेर आल्यावर ते थेट बाईंच्या दारात आले.

"नोटीस पाठवीन मी!"

"पाठवा. आधी पाणी प्या, नाडी जोरात चाललीय तुमची," बाईंनी त्यांचं मनगट धरून घड्याळ पाहिलं. वकील निमूटपणे पाणी पिऊन गेले.

कॉम्प्युटर मात्र वाचला. आणि बाईंचा हट्टही वाचला, किंबहुना दुप्पट झाला. कारण पहिल्या दिवसापासून त्या एक काम करत होत्या, ज्याची चिरंजीवांना कल्पना नव्हती. दर पंधरा मिनिटांनी त्या प्रोसेसरचा आकडा टिपत होत्या. जुना तापाचा तक्ता, लाल पेन, खाली सही.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी तो मुलासमोर ठेवला.

"बघ. खेळ तोच, वेळ तीच. शनिवार-रविवारी ताप साठच्या वर नाही. सोमवार ते शुक्रवार एक ते दीड शंभर, दीड वाजला की उतरतो. हा वयाचा ताप नाही."

"मग कसला?"

"वॉर्डात असा ताप रोज बघायचे मी. नातेवाइकांची झुंबड उडाली की चढायचा, घंटा वाजली की उतरायचा. ही भेटीची वेळ आहे. माझ्या रोग्याला कुणीतरी रोज भेटायला येतंय."

चिरंजीव तक्त्याकडे बघेनात. "काहीतरीच! तू उद्या फक्त पुलावरून जाऊ नकोस. शुक्रवारी डावीकडची टेकडी मोकळीच होती..."

बोलता बोलता ते थांबले. शुक्रवारी दुपारी ते ऑफिसात होते.

"तुला काय माहीत टेकडी मोकळी होती?" बाईंनी वॉर्डातल्या आवाजात विचारलं.

त्या आवाजापुढे कुणाचं काही चालत नसे. महिन्यापूर्वी चिरंजीवांनी गुपचूप एक प्रोग्रॅम टाकला होता, आई किती तास खेळते ते ऑफिसातून पाहायला. डोळ्यांच्या काळजीने, असं ते म्हणाले. बाकीचे प्रोग्रॅम बंद करताना तेवढा एक त्यांनी चालूच ठेवला होता. मग डबा खाताना पाहू लागले.

"एकटाच?"

"पहिले दोन दिवस. मग शेजारच्या टेबलवाल्याने मागितलं. आता... अकरा जण आहोत. जो तो आपापल्या पडद्यावर बघतो."

"म्हणजे अकरा जणांना चित्र पुरवताना माझा रोगी धापा टाकतो, आणि तू मला वय शिकवतोस?" बाईंचा राग खरा होता, पण अकरा हा आकडा त्यांना अगदीच नावडला असंही नाही.

"काढून टाकतो, आई. पण उद्या फायनल आहे गं! सगळं सेक्शन..."

"एका रोग्याला एक पास," बाईंनी निकाल दिला. "एक पडदा चालू राहील. बाकीच्यांनी उभं राहून बघायचं. गडबड नको."

गुरुवारी एक वाजता ताप बासष्ट होता. बाईंना टेकडीचा सल्ला माहीत होता, तरी त्या पुलावरूनच गेल्या. रणगाडा थिजला नाही. एक वाजून सव्वीस मिनिटांनी शत्रूचा शेवटचा गाडा नदीत कोसळला आणि हेडफोनमध्ये चौघे "कॅप्टन! कॅप्टन!" करून घसा फोडू लागले. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, मग तक्त्यावर आकडा टिपून सही केली.

तेवढ्यात फोन वाजला. मागे टाळ्या, बाकं वाजवण्याचा गोंधळ.

"आई, जिंकलीस! ऐक ना, आमचे मोठे साहेब इथेच उभे आहेत. गेला महिनाभर जेवणाच्या सुट्टीत सेक्शनमधलं कुणी जागेवरून का उठत नाही, ते बघायला आले होते. विचारतायत, पुढचा सामना कधी? आणि पास त्यांच्या नावाने मिळेल का?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजला होता.

"साहेबांना सांग, भेटीची वेळ संपली," त्या म्हणाल्या. "सगळे आपापल्या कामाला लागा."