ढालीला खिडकीची सीट

"प्रवासखर्च कसा वाचवायचा, हे घरी बसून कळत नसतं! त्यासाठी प्रवासच करावा लागतो!"

बचतसाहेबांनी हे वाक्य मीटिंगमध्ये असं काही ठणकावून सांगितलं, की हेडक्लार्कनी मान डोलावली, पीएंनी मान डोलावली, आणि छताचा पंखा तर गेलं वर्षभर डोलतच होता!

बचतसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहावं, असं फर्मान त्यांनी एकदा काढलं होतं. ते फर्मान जाडजूड, गुळगुळीत कागदावर, एकाच बाजूला छापून टेबलाटेबलावर वाटलं! तेव्हापासून खात्यात हेच नाव पडलं. साहेबांना ते माहीत होतं आणि मनापासून आवडतही होतं.

आता वरून आदेश आला होता. बड्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांवर फार उधळपट्टी होते, ती कशी कमी करणार ते कळवा! दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. साहेबांची मात्र छाती फुगली. कारण त्यांच्या मनात एक जुना सल होता. त्या सलाचं नाव साडू!

साडू म्हणजे सासूबाईंचे धाकटे जावई. दूरच्या शहरात, साहेबांच्याच तोडीचे अधिकारी. सासूबाई राहायच्या साहेबांकडे, खायच्या साहेबांकडे, आणि गुण गायच्या साडूंचे! "धाकट्यांच्या ऑफिसात म्हणे पंखासुद्धा विचारून लावतात! काय ती शिस्त!" सकाळच्या चहाबरोबर साडू, रात्रीच्या गोळीबरोबर साडू! लग्न झाल्यापासून साहेबांना सासूबाईंच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, 'थोरले जावई ते थोरले जावईच!' एवढं एकदा कानावर पडलं की गंगेत घोडं न्हालं.

म्हणून साहेबांनी बेत आखला. साडूंच्या ऑफिसवर अभ्यासदौरा काढायचा, तोही न कळवता! कळवलं की लोक झाडूनपुसून ठेवतात. सगळी पलटण घेऊन विमानाने धडकायचं, त्यांच्या काटकसरीतल्या चुका काढायच्या, आणि निघताना टेबलावर एक भलीमोठी काचेची ढाल ठेवायची. ढालीवर सोनेरी अक्षरांत, 'काटकसर : उत्तेजनार्थ बक्षीस'. म्हणजे साडूंचा सन्मानही झाला आणि त्यांना त्यांची पायरीही कळली!

बेत गुप्त होता. पण गुप्त गोष्ट कुणालाच सांगितली नाही, तर ती गुप्त आहे हे लोकांना कळणार कसं? साहेबांनी घरी सांगून टाकलं.

सासूबाईंचे डोळे चमकले. "धाकटीकडे जाताय? मग मलाही न्या की, जावईबापू! किती दिवस झाले लेकीला बघून! या गुडघ्यांपायी एकटीला काही जमत नाही. तुमची सोबत असली तर निभेल."

"आई! भलतंच काय! सरकारी दौरा आहे तो! जनतेचा पैसा!"

"माझं तिकीट मी काढते हो."

"प्रश्न तिकिटाचा नाही, तत्त्वाचा आहे! सरकारी कामात घरच्या माणसाला शेजारी बसवून न्यायचं? माझ्या हातून हे पाप होणार नाही!"

बोलता बोलता साहेबांना स्वतःचा इतका अभिमान वाटला, की त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली. सासूबाई उठून आपल्या खोलीत गेल्या.

दौऱ्याच्या दिवशी पलटण विमानतळावर हजर! पीए, हेडक्लार्क, फोटोग्राफर, साहेबांची बॅग उचलणारा एक, आणि बॅग नीट उचलली जाते की नाही हे बघणारा एक. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, ही ढाल सामानात टाकली तर फुटेल. आणि डोक्यावरच्या कप्प्यात काही मावणार नाही."

"मग तिची सीट काढा!" साहेब म्हणाले.

पीएंनी ढालीकडे बघितलं. "साहेब... ढालीची?"

"सन्मान आहे तो! सन्मान काय पायाशी ठेवायचा असतो? आणि खिडकीची घ्या. जाणाऱ्या-येणाऱ्याचा धक्का नको लागायला!"

ढाल खिडकीशी बसली. तिला पट्टा बांधला. हवाईसुंदरीने सवयीने तिलाही पाणी विचारलं! साहेबांनी शेजारी बसून, हनुवटी वर करून फोटो काढून घेतला आणि लगेच घरी बायकोला धाडला. खाली लिहिलं, 'आईंना जरूर दाखव!'

साडूंच्या ऑफिसात साहेब वाघासारखे शिरले. आणि बघतात तर काय! दिवे बंद, पंखे बंद, खुर्च्या रिकाम्या. दाराशी स्टुलावर एक शिपाई तेवढा पेंगत होता.

"साहेब कुठायत?"

"दौऱ्यावर."

"आणि बाकीचे?"

"साहेबांबरोबर. काटकसरीचा अभ्यास करायला गेलेत, विमानानं. न कळवता जायचं होतं म्हणून आम्हालाही काल संध्याकाळीच कळलं."

"कुठं गेलेत?"

"त्यांच्या थोरल्या साडूंच्या ऑफिसात."

हेडक्लार्क बुटांकडे बघू लागले. दुसरा कोणी असता तर त्याला धरणीने पोटात घ्यावंसं वाटलं असतं. पण आमचे साहेब! त्यांची छाती आणखी इंचभर पुढे आली.

"ऐकलंत? माझ्याकडे शिकायला गेलाय तो! माझ्याकडे! पीए, लिहून घ्या. 'सदर कार्यालयात एकही दिवा नाही, एकही पंखा नाही, एकही माणूस नाही. काटकसर असावी तर अशी!'"

"साहेब," पीए हळूच म्हणाले, "आज आपल्याकडेही तसंच असेल."

"मग? दोन्हीकडे एकदम बचत! तेही लिहा!"

साडूंच्या टेबलावर ढाल ठेवून, फोटो काढून पलटण परत फिरली. परतीच्या विमानात ढालीची सीट रिकामी होती. साहेबांनी तिच्यावर आपला कोट ठेवला, आणि चुरगळू नये म्हणून पट्टाही बांधला.

उतरल्यावर साहेब आधी ऑफिसात डोकावले. त्यांच्या टेबलावर एक काचेची ढाल उभी होती. त्यांनी नेली होती तिच्यापेक्षा वीतभर उंच! 'काटकसर : उत्तेजनार्थ.' साहेबांनी ती उलटी करून ठेवली. असू दे! साडू आपल्याकडे शिकायला आले होते, एवढं सासूबाईंना सांगितलं की काम फत्ते. साहेब तरातरा घरी आले.

"आई कुठायत?"

"गेली," बायको म्हणाली.

"गेल्या?"

"अहो, किंचाळताय काय! धाकटीकडे गेली. धाकटे आले होते ना इथे. तुमच्या ऑफिसात कुणी भेटलं नाही, म्हणून घरी आले. म्हणाले, 'येताना ढालीची सीट काढली होती. परतताना ती रिकामीच जाणार. वाया कशाला घालवायची? आई, चला!' आई तर बॅग भरूनच बसली होती."

"बॅग भरून? आधीच?"

"तुमचा तो फोटो बघितला, तेव्हाच भरायला घेतली तिनं."

साहेब मटकन खुर्चीत बसले. तेवढ्यात फोन वाजला. बायकोने उचलून त्यांच्यापुढे धरला. पलीकडे सासूबाई!

"जावईबापू, पोचले हो सुखरूप! लेक भेटली, जीव शांत झाला. विमानतळावरून येताना धाकट्यांच्या ऑफिसातही चक्कर झाली. तिथं तुमची ढाल दिसली. मी तिला म्हटलं, कसा झाला बाई प्रवास? माझ्या जावयानं खिडकीशी बसवून आणलं ना तुला? नशीब काढलंस!" मग जरा थांबून, एकेका शब्दावर जोर देत म्हणाल्या, "थोरले जावई... ते थोरले जावईच!"

फोन बंद झाला. साहेब उभे राहिले. त्यांनी शर्ट नीट केला, खांदे ताठ केले, हनुवटी विमानातल्या फोटोतल्यासारखी वर केली.

"ऐकलंस? शेवटी म्हणाल्याच की नाही?"

"हो," बायको म्हणाली. "अहो, फोन स्पीकरवर होता."