नारबाअण्णांचा पंधरावा खून

तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार, सकाळचे अकरा. रक्कम पाच हजार, उचल म्हणून. हजर माणसे पाच: मी, माझी बायको, बारावी झालेली आमची शेवंती, तिच्यासाठी गोव्यातली नोकरी घेऊन आलेल्या एक बाई, आणि आमच्या गावातल्या चौदा जणांचा खून केलेले नारबाअण्णा.

चौदा हा आकडा बरोबर आहे. नारबाअण्णा रहस्यकादंबऱ्या लिहितात आणि मी पुस्तके मोजली आहेत. आमचे गाव कुंभारवाडा नावाच्या गावाच्याही पुढे, जंगलात. इथे खरा खून करायचा तर मारणाऱ्याला आधी बसची वाट बघावी लागेल. म्हणून सगळे खून अण्णांनाच करावे लागतात. दर पुस्तकात गावातला एक माणूस मरतो, तोही परवानगीने. अण्णा पानसुपारी घेऊन घरी येतात. "यंदा तुला मारू काय रे? भातकापणी हूं दे, घाई न्हाई." लोक खुशीने मरतात. माझा चुलतभाऊ विहिरीत मेला, त्याची तक्रार एवढीच की वाघाकडून मेलो असतो तर बरे दिसले असते. मी मात्र नकार दिला होता. माझा विमा आहे. कुठे काय छापून येईल आणि त्याचा कोण काय अर्थ लावील, सांगता येत नाही.

खुनी कोण, हे अण्णा स्वतः ठरवत नाहीत. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, देवाला कौल लावल्याशिवाय काही ठरत नाही. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. अण्णा आपला खुनी देवाकडून असाच मंजूर करून घेतात. एकदा निम्मे पुस्तक झाल्यावर डावी पडली. "देव म्हणतोय पोस्टमन न्हाई," असे म्हणत त्यांनी सगळी पाने चुलीत घातली आणि पोस्टमनला निर्दोष सोडले.

त्यांचे दुसरे वेड म्हणजे गावात येणारा अनोळखी माणूस. मुलींना फसवून नेऊन विकणारी टोळी त्यांच्या प्रत्येक पुस्तकात असते, आणि बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकात त्यांना ती दिसते. गेल्या वर्षी माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले. अण्णांनी नवऱ्या मुलाला गोठ्याशी गाठून आजोबांचे नाव, गाव, कामाचा पत्ता विचारला. थोड्या वेळाने तेच सगळे पुन्हा, उलट्या क्रमाने. मुलगा स्वतःच्या आजोबांचे नाव चुकला. ती सोयरीक जुळवताना माझे जोडे झिजले.

त्यामुळे त्या सोमवारी अण्णा न बोलावता ओसरीवर टेकले, तेव्हा मी आधीच सांगितले, "अण्णा, आज तेवढं गप बसा."

"म्या काय बोललो? चा ठेव म्हणावं पोरीला."

बाई गोड बोलत होत्या. मडगावात म्हाताऱ्या जोडप्याकडे काम, महिना बारा हजार, जेवणखाण तिथेच. वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार, हे मी मनात करून ठेवले. शेवंतीने तर पिशवीही भरली होती. बायकोने विचारले, "माणसं कशी हायत ओ घरची?"

बाईंनी लगेच मोबाइल कानाला लावला. "हां मॅडम, मुलगी मिळाली. तिच्या आईला काळजी वाटतेय... काय म्हणता? पोटच्या पोरीसारखी ठेवाल? सांगते हं." बायकोचे डोळे भरून आले. मी बाईंनी दिलेल्या उचलीच्या नोटा मोजत होतो.

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "बाई, फोन झ्याक हाय तुमचा. कुठल्या कंपनीचा?"

"का हो?"

"न्हाई, हितं लागला म्हणून. आमचा शाळेमागच्या टेकाडावर चढल्याबिगार लागत न्हाई. तुमचा कसा लागला, तेवढं सांगा. पुस्तकात घालतो."

माझे मोजणे थांबले. आमच्या ओसरीवर आजवर एकाही फोनला रेंज आलेली नाही.

बाई हसल्या. मग त्यांनी पदराने मान पुसली. अण्णा मऊ आवाजात म्हणाले, "राग मानू नका. कौल लावू आन् मग न्या पोरीला. देऊळ हे काय, हाकेवर. देवापुढं त्या म्हाताऱ्याचं नाव आन् पत्ता सांगायचा, बास."

"आलेच," म्हणत बाई चपला घालून उतरल्या, त्या थेट रस्त्याला लागल्या. वळणावर एक जीप उभी होती. ती त्यांचीच होती, हे ती निघून गेल्यावर कळले. नोटा माझ्या हातातच राहिल्या.

संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो. "कसं ओळखलासा?"

"चौदा पुस्तकं लिवली. समद्यांत हीच बाई हाय. म्या निस्तं लुगडं बदलतो."

ते खरेच होते. आणखीही एक लक्षात आले. अण्णांच्या पुस्तकांत मेलेले चौदाही जण पुरुष आहेत. मुलगी एकही मरत नाही. पळवलेली मुलगी शेवटच्या पानावर संध्याकाळच्या बसमधून गावात उतरते. बाकी कथा कितीही फिरो, ते पान तेच. ती मुलगी कोण, मी विचारले.

"माझी धाकटी भैन. सुनंदा," अण्णा म्हणाले. "हुबळीला काम हाय म्हणून अशीच एक बाई आली. बानं उचल घेतली. तिची पेटी म्या बसवर चढवली."

"शोधलं न्हाई?"

"समदं केलं. पोलीस, पेपर, समदं."

"आन् कौल?"

अण्णांनी पानाचा डबा मिटला. "खुनी कोण ते इचारतो देवाला. सुनंदा येईल काय, हे कधी इचारलं न्हाई. डावी पडली तर?"

पाच हजार मी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जमा केले, बाईंचे वर्णन लिहून दिले आणि पावती घेतली. राहिला प्रश्न अण्णांना काय द्यायचे याचा. पैशाला त्यांनी हात लावला नसता. शेवटी मीच पानसुपारी घेऊन गेलो आणि पंधराव्या पुस्तकात मरायला तयार आहे म्हणून सांगितले. अण्णा इतके खूश झाले की आपणहून वाघ देऊ केला. मी एक अट घातली: शेवटच्या पानावर बसमधून उतरणाऱ्या मुलीचे नाव सुनंदा ठेवायचे. ते नाव त्यांनी आजवर कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नाही.

अण्णा सुपारी चघळत राहिले. "देवाला इचाराय पायजे," म्हणाले. मग थोड्या वेळाने, खाली बघत, "दोन्ही इचारतो. तू संगं ये."

कौलाचा नारळ मी घेतला. चाळीस रुपये, बसथांब्याजवळच्या दुकानदाराला, रोख.